कौलावरचे साल हे घराचे साल नव्हे
जुन्या मुंबई–पुणे रस्त्यालगतच्या घरांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

आम्ही जुन्या घरांचे वय शोधून देतो आणि त्यांची चुन्याची दुरुस्ती करतो. आपले घर नेमके कधी बांधले गेले, हा आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरमालकांचा पहिला प्रश्न असतो आणि पुष्कळदा त्याचे उत्तरही ते सोबत घेऊनच येतात. पिशवीतून एक मंगळुरी कौल निघते, त्यावर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या नावाखाली 1865 हा आकडा ठसठशीत उमटलेला असतो आणि ‘त्या सालचे कागद तेवढे शोधून द्या’ अशी मागणी होते. आम्ही हे काम आवडीने करतो. पण याच एका गैरसमजापायी आपले आणि आमचे सर्वांत जास्त दिवस वाया जातात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

बासेल मिशनने मंगळुरात जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, ते साल 1865. कारखान्याचे स्थापनावर्ष म्हणून तो आकडा पुढे कित्येक वर्षे कौलांवर छापला जात राहिला. त्यामुळे तसे कौल आपल्याला एवढेच सांगते की, हे छप्पर 1865 च्या आधी शाकारलेले नाही. छपराखालच्या भिंती त्याहून कितीतरी जुन्या असू शकतात, किंवा घरच पन्नास वर्षांनी उभे राहिलेले असू शकते. तुळईच्या जागी घातलेल्या लोखंडी गर्डरवर टाटांच्या कारखान्याचे नाव असेल, तर तो गर्डर 1912 च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागले ते त्या वर्षी. पण तेवढ्यावरून घराचे वय ठरत नाही.

रस्त्याचा इतिहास लक्षात घेतला, तर ही सावधगिरी का हवी ते पटेल. बोरघाटातला माल पूर्वी मुख्यतः बैलांच्या पाठीवरून चढत-उतरत असे. गव्हर्नर सर जॉन मालकम यांच्या कारकिर्दीत चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता घाटात तयार झाला आणि 10 नोव्हेंबर 1830 रोजी तो खुला झाला. पुढे 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, 1858 मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधल्या घाटात मात्र 1863 पर्यंत रूळ नव्हते, त्यामुळे तेवढी पाच वर्षे उतारूंना पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने घाट पार करावा लागे. लांबलचक ओटी, मागे पागा आणि आवारात मोठा आड असलेले घर आम्ही पाहतो, तेव्हा ते त्या वर्दळीवर उभे राहिले असावे, असे आम्हालाही वाटते. परंतु तो अंदाज आहे आणि आमच्या अहवालात आम्ही तो अंदाज म्हणूनच लिहितो.

मावळातल्या एका घराचे उदाहरण सांगतो. मालकांनी 1865 धरून चालायला सांगितले होते आणि आम्हीही प्रथम त्याच सुमाराचे दप्तर चाळत बसलो. हाती काही लागले नाही. नंतर माळ्यावर चढून बॅटरीच्या उजेडात आढ्याखालची त्रिकोणी भिंत पाहिली, तेव्हा सध्याच्या छपराच्या वीतभर खाली जुन्या छपराची तिरकी रेघ चुन्यात स्पष्ट दिसली. रेघेखालची भिंत चुलीच्या धुराने काळी पडली होती आणि वरची स्वच्छ होती. म्हणजे नळीची कौले काढून मंगळुरी कौले घालताना भिंत उंच केली होती आणि मूळ घर त्याआधीचे होते. तेथून उलट्या दिशेने शोध घेतल्यावर काम मार्गी लागले.

कागदांच्या बाबतीतही हीच गल्लत होते. मालमत्ता पत्रकावरचे पहिले साल हे बहुधा सिटी सर्व्हेच्या चौकशीचे असते, बांधकामाचे नव्हे. सातबारा जमिनीचा हिशेब सांगतो. घराचा उल्लेख मिळण्याची शक्यता जुन्या खरेदीखतात, गहाणखतात आणि वाटणीपत्रात अधिक असते. मोडी कागदांवर शके असेल तर 78 आणि फसली सन (महसुली हिशेबाचे जुने वर्ष) असेल तर साधारण 590 मिळवल्याशिवाय इसवी सन निघत नाही. हे न केल्याने एका कुटुंबाने आपले घर खऱ्या वयापेक्षा जवळजवळ सहाशे वर्षांनी जुने ठरवले होते. मोडी वाचन आमच्याकडेच होते, त्यासाठी वेगळे कोणाकडे जावे लागत नाही. कागद लॅमिनेट मात्र करू नयेत, कारण ते पुन्हा सुटे होत नाहीत आणि पाठीवरचे शेरे नीट तपासता येत नाहीत.

‘पाटीवर 1830 लिहायला काय हरकत आहे,’ असा आग्रह विशेषतः घरगुती निवास चालवणारे ग्राहक धरतात. रस्त्याचे साल घराला लावणे आम्हाला मान्य नाही. ‘1858 पूर्वीचे घर’ एवढेच सिद्ध झाले, तर आम्ही तेवढेच लिहून देतो आणि कोणत्या पुराव्यावरून ते म्हणतो, हेही सोबत जोडतो. येणारा पाहुणा जाणकार निघाला तरी आपल्याला ते निर्धास्तपणे दाखवता येते. ज्यांनी असा अहवाल दर्शनी भागात लावला आहे, त्यांच्याकडे पाहुणे तो उभे राहून वाचतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आमच्या पहिल्या भेटीपूर्वी कृपया कौले उतरवू नयेत, भिंती खरवडू नयेत आणि सिमेंटचा गिलावा करू नये; रेघा, काजळी आणि चुन्याचे थर एकदा गेले की परत मिळत नाहीत. पहिल्या पाहणीचे शुल्क आम्ही घेत नाही आणि पुढे चुन्याच्या दुरुस्तीचे काम आमच्याकडे दिल्यास अहवालाची रक्कम त्यातून वळती करतो. येताना घरपट्टीची सर्वांत जुनी पावती, खरेदीखताची प्रत आणि घरातील एखादे जुने छायाचित्र आणावे. कौल आणले तरी चालेल. फक्त ते छपराच्या कोणत्या बाजूचे, हे त्यावर खडूने लिहून ठेवावे.