दर्भ: सगळ्यांची बदली करणारे गवत

दहाव्याच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना की मंडळी ताटकळतात. घरातले कुणीतरी पुढे होऊन, गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू, असा शब्द देते. तरी कावळा फांदीवरून हलत नाही. शेवटी गुरुजी दर्भाच्या दोन-चार काड्या घेतात, गाठ मारून त्यांचा कावळा करतात आणि तोच पिंडाला लावतात. सगळे सुटल्यासारखे उठतात.

पूजेतल्या इतर वनस्पतींपेक्षा दर्भ वेगळा पडतो तो इथे. तुळशीला अंगणात वृंदावन आहे, दूर्वा गणपतीच्या, बेल शंकराचा. दर्भ असा एका देवाचा नाही. कुणाला तरी बसवायला, नाहीतर जो हजर नाही त्याच्या जागी उभा करायला तो लागतो.

यातले बसवण्याचे काम फार जुने. ऋग्वेदातल्या ऋचा देवांना ‘बर्हि’वर येऊन बसा म्हणून बोलावतात. बर्हि म्हणजे वेदीवर अंथरलेले गवत. देऊळ नाही, मूर्ती नाही, तेव्हा देवाची बैठक एवढीच. पुढे श्रौतकर्मांत, म्हणजे वैदिक यज्ञांत, अग्नीभोवती दर्भाचे परिस्तरण (अंथरण) आले आणि तूप शुद्ध करायला दोन काड्यांचे ‘पवित्र’ आले. आज आपण अनामिकेत घालतो ते पवित्रक त्याच नावाचे. देवकार्याला दर्भ सरळ ठेवायचा आणि पितृकार्याला दुमडून, हा भेदही धर्मशास्त्रात आहे.

त्याच्या पावित्र्याची कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. गरुडाने अमृताचा कुंभ दर्भावर ठेवला, नाग स्नानाला गेले, तेवढ्यात इंद्राने कुंभ पळवला. परतलेल्या नागांनी निदान शिंतोडे तरी मिळतील म्हणून दर्भ चाटला आणि त्यांच्या जिभा चिरल्या. कथा रचणाऱ्याने दर्भ स्वतः उपटलेला असणार. पात्याच्या कडेवरून बोट उलटे फिरवले की कापलेच समजा. दर्भालाच कुश म्हणतात; ‘कुशाग्र’ बुद्धी या टोकावरूनच आली. बोट न कापता कुश तोडून आणतो तो ‘कुशल’, अशी व्युत्पत्तीही परंपरेने सांगितली जाते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनाला कुश, अजिन (हरणाचे कातडे) आणि वस्त्र सांगितले आहे. ज्ञानेश्वरीत (शके 1212) त्याचे थर नीट लावून मिळतात: तळाशी न मोडलेले कुशांकुर, मध्ये धूतवस्त्राची घडी, वर मृगाजिन. बुद्धाच्या चरित्रकथांतही बोधिवृक्षाखालचे आसन एका गवत कापणाऱ्याने दिलेल्या कुशाचेच आहे.

बदलीचे काम मात्र मराठीत वाक्प्रचार होऊन बसले. श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाही तर त्याच्या पाटावर दर्भाचा ‘चट’ ठेवतात. जेवणारा गवताचा, मग आग्रह कुणाला करणार आणि वेळ तो किती लागणार? ‘चटावरचे श्राद्ध उरकले’ म्हणतात ते यावरून. पंचकात, म्हणजे धनिष्ठा ते रेवती या नक्षत्रांच्या अशुभ मानलेल्या काळात, मृत्यू झाला तर दर्भाचे पाच पुतळे प्रेतासोबत जाळतात. देहच सापडला नाही तर पळसाची पाने आणि दर्भ घेऊन माणसाची आकृती करून तिला अग्नी देतात. बुडालेल्या, परागंदा झालेल्या माणसांच्या घरच्यांना या विधीने काय दिले असेल, ते पोथीत लिहिलेले नाही.

दर्भ गोळा करण्याचा दिवस श्रावणी अमावस्या, म्हणजे आपली पिठोरी. इतर दिवशी तोडलेला लवकर शिळा मानतात, त्या दिवशीचा वर्षभर चालतो. तोडताना त्याला ‘ब्रह्मदेवाबरोबर जन्मलेला’ म्हणून विनवायचे, मग मुळासकट उपटायचा. शहरात हे कोण करणार? पितृपक्षाच्या तोंडावर पूजासाहित्याच्या दुकानातून पुडी आणली जाते. गेल्या खेपेच्या माझ्या पुडीतल्या काडीवरून मी बोट फिरवले, काहीच कापले नाही. गुरुजींना दाखवली तर ते हसले. म्हणाले, शास्त्रात दर्भ दहा प्रकारचे सांगितलेत. कुश नसेल तर काश, दूर्वा, वाळा, मुंज, अगदी गहू-भाताची काडीसुद्धा चालते. आणि तीच काडी वळून त्यांनी माझ्या बोटात घातली.