लेहचं पहाटेचं विमान: हिमालयातल्या लष्करी मालवाहतुकीची पार्श्वभूमी

मंडणगड, दापोली, खेडपासून खाली सावंतवाडीपर्यंत मिल्ट्रीत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट या दोन नावांवर कोकणातल्या कित्येक घरांच्या पिढ्या उभ्या आहेत. यांतल्या अनेकांनी आयुष्यातलं पहिलं विमान धरलं ते मुंबईला नव्हे, लेहला जाण्यासाठी चंदीगडला. ट्रान्झिट कॅम्पात मुक्काम, रात्री तीनला उठवणी, अंधारात सामानाचं वजन आणि मग आतला सांगाडा उघडा दिसणाऱ्या करड्या विमानात कडेच्या कापडी बाकांवर दाटीवाटीनं बसणं. मधे पेट्या, पिंपं, पोस्टाच्या थैल्या. हवामान बिघडलं की 'आज फ्लाइट नाही' आणि पुन्हा कॅम्प. सुट्टीवर आलेला फौजी हे सगळं रंगवून सांगतो. पण पुढे कॉकपिटमध्ये कोण बसलं होतं, हे त्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

कोकणात अधिकारी व्हायचं म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर नौदल येतं, नाही तर मर्चंट नेव्ही. हवाई दल म्हटलं की लढाऊ विमान. मालवाहू विमानाचा वैमानिक या दोन्हींच्या मधे कुठेतरी हरवतो. माझ्या मते हिमालयात गेल्या पाऊणशे वर्षांत भारताची हद्द ज्यांनी प्रत्यक्ष धरून ठेवली, त्यांत पायदळाच्या जवानानंतर या माणसाचा नंबर लागतो. त्याच्या पेशाचा इतिहास शौर्यपदकांपेक्षा एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो: इतक्या उंचीवर किती किलो नेता येतील?

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनला जाणारा रस्ता तुटला. मग आसामातल्या चाबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान पोचवायला सुरुवात झाली. वैमानिकांनी या मार्गाला 'हंप' नाव दिलं. १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल त्या वाटेनं गेला आणि सहाशेच्या आसपास विमानं डोंगरांनी गिळली. त्यात शत्रूच्या गोळीनं पडलेली थोडी, ढग, बर्फ आणि वारा यांनी पाडलेली फार. डोंगरातल्या हवाई वाहतुकीचं हे गणित पुढेही फारसं बदललेलं नाही.

युद्ध संपलं आणि स्वतंत्र भारताच्या वाट्याला आली डाकोटा विमानं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली बटालियन श्रीनगरला उतरली ती डाकोटांमधूनच. लष्कराची विमानं पुरेनात, तेव्हा प्रवासी कंपन्यांच्या डाकोटाही कामाला लावल्या गेल्या. पण श्रीनगर हे खोरं आहे, तिथे उतरणं त्या मानानं सोपं. खरी कसोटी पुढच्या उन्हाळ्यात लागली. लेह वेढलं जाण्याच्या बेतात होतं, झोजिला खिंड शत्रूच्या हातात, आणि तिथे सैन्य पोचवायला दुसरा मार्ग नव्हता. लडाखचे अभियंते सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूकाठच्या रेतीत एक कच्ची धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा उतरवली. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, पंखांवरचं बर्फ काढण्याची यंत्रणा नव्हती, त्या मार्गाचा धड नकाशा नव्हता. झोजिला आणि फोटुला या खिंडींवरून वाट काढत ते गेले. त्यानंतर जवान आणि दारूगोळा घेऊन विमानांची रांग लागली आणि लेह वाचलं. मेहेर सिंग यांना महावीर चक्र मिळालं. त्या एका उतरण्यातून एक पायंडा पडला, तो अजून चालू आहे: रस्ता नसला तरी ठाणं सोडायचं नाही, विमानानं जगवायचं.

इथे थोडं थांबून हवेचा हिशेब पाहायला हवा, कारण तो कळल्याशिवाय या पेशातलं काहीच कळत नाही. सिंधुदुर्गातल्या चिपीची धावपट्टी जवळपास समुद्रसपाटीला आहे आणि अडीच किलोमीटर लांब आहे. तिथे येणारं एटीआर हे छोटं प्रवासी विमान आरामात उतरतं. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे ७२ टक्के. लडाखच्या उत्तर टोकाला चीनच्या हद्दीजवळ असलेल्या दौलत बेग ओल्डीची धावपट्टी ५,०६५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या तिप्पट उंचीवर, आणि तिथे घनता जेमतेम ६० टक्के. विमानाला उचलून धरते ती हवा, तीच विरळ. मग तेवढाच भार उचलायला विमानाला जास्त वेगानं पळावं लागतं. वेगमापक तोच आकडा दाखवतो, पण जमिनीवरून जाणारा खरा वेग दौलत बेग ओल्डीला तीस टक्क्यांच्या आसपास वाढलेला असतो. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आणि जास्त ताकद हवी असते नेमक्या त्याच वेळी इंजिनही धापा टाकत असतं, कारण त्यालाही तीच हवा मिळते.

वळण्याचंही तसंच. खोऱ्यात शिरल्यावर मागे फिरायचं तर गोल मोठा पडतो आणि खोरं तर अरुंद. म्हणून प्रत्येक खोऱ्यात एक जागा ठरलेली असते. तिच्या अलीकडे निर्णय बदलता येतो, पलीकडे गेलात की पुढेच जायचं. नवा वैमानिक एखाद्या मार्गावर पहिल्यांदा जातो तेव्हा अनुभवी माणूस शेजारी बसून त्याला दाखवतो ती ही जागा. दुपारनंतर ऊन चढतं, हवा आणखी पातळ होते, दऱ्यांतून वारा सुटतो. म्हणून लेहची विमानं पहाटे निघतात आणि दुपारच्या आत परततात. आपल्या फौजींना रात्री तीनला उठवतात त्यामागे शिस्तीपेक्षा ही हवा जास्त जबाबदार आहे.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकन बनावटीची सी-११९ पॅकेट विमानं आली. डाकोटापेक्षा मोठं पोट, मागून उघडणारं, त्यामुळे गाड्या आणि मोठ्या पेट्या चढवायला सोपं. पण दोन इंजिनांवर लडाखमध्ये ते अपुरं पडे. एक इंजिन गेलं तर डोंगर ओलांडणं अशक्य. त्यावर तोड काढली ती अशी, की विमानाच्या पाठीवर तिसरं, छोटं जेट इंजिन बसवायचं. पुढे बंगळुरूच्या एचएएल या सरकारी विमान कंपनीनं बनवलेलं ऑर्फियस इंजिन यासाठी वापरलं गेलं. पाठीवर पेटी घेतलेलं हे विमान दिसायला विचित्र, पण या जुगाडानंच काराकोरमच्या पायथ्याशी पोचता आलं. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. त्या काळी जगात इतक्या उंचीवर कुणी विमान उतरवलं नव्हतं. आपल्याकडे किती जणांनी हे नाव ऐकलंय? शाळेच्या पुस्तकात ते असायला हरकत नव्हती.

तीनच महिन्यांनी चीनशी युद्ध झालं. ऑक्टोबर १९६२ मध्ये लडाखमधल्या चुशूलच्या बचावासाठी २० लान्सर्स या रणगाडा तुकडीचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ या चार इंजिनांच्या सोव्हिएत विमानांतून नेले गेले. चौदा हजार फुटांवरच्या कच्च्या पट्टीवर रणगाडा उतरवणं म्हणजे वजनाच्या हिशेबात एका किलोचीही चूक न खपणारं काम. विमानातलं इंधन कमी करायचं की रणगाड्यातलं, असे सवाल तिथे असतात.

याच एएन-१२ विमानाशी जोडलेली एक गोष्ट आहे आणि ती घाईघाईनं सांगून पुढे जाता येत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ ला असंच एक विमान चंदीगडहून लेहला निघालं. आत चार कर्मचारी आणि ९८ प्रवासी, बहुतेक रजा संपवून परतणारे जवान. पुढे हवामान खराब होतं म्हणून विमानानं माघारी वळायचं ठरवलं. मनालीजवळच्या रोहतांग खिंडीच्या परिसरात त्याचा संपर्क तुटला आणि मग काहीच सापडलं नाही. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या एका तुकडीला हिमनदीत अवशेष दिसले. त्यानंतर मोहिमा होत राहिल्या. २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले आणि छप्पन्न वर्षांनी घरी पोचले. वैमानिकानं फिरायचा निर्णय घेतला होता, म्हणजे नियमाप्रमाणे वागला होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. डोंगरात योग्य निर्णयही पुरेसा असेलच असं नाही.

१९६६ मध्ये भूकंपानं दौलत बेग ओल्डीची जमीन भुसभुशीत झाली आणि ती पट्टी बंद पडली. पुढची चार दशकं तिथे फक्त हेलिकॉप्टर जात. दरम्यान कामाचा बोजा मात्र वाढत गेला. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, डाकोटा, ऑटर आणि कॅरिबू विमानं ढगांच्या फटीतून खोऱ्यात उतरून ठाण्यांवर रेशन टाकत. तांदळाची पोती दुहेरी गोणीत भरून तशीच ढकलायची, नाजूक माल पॅराशूटनं. १३ एप्रिल १९८४ ला सियाचिन हिमनदी ताब्यात घेण्यासाठी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि मागणी आणखी वर सरकली.

त्याच वर्षापासून एएन-३२ दाखल होऊ लागलं आणि आजचा डोंगरी वैमानिक घडला तो याच विमानावर. त्याची इंजिनं पंखांच्या वर बसवलेली आहेत, पंखे मोठे आहेत, ताकद त्याच्या आकाराला न शोभणारी आहे. भारतीय हवाई दलाची उष्ण हवेतली आणि उंचावरची गरज डोळ्यांसमोर ठेवूनच ते सोव्हिएत आराखडाकारांनी रचलं. आवाज मात्र असा की तासाभराच्या प्रवासानंतर कान बराच वेळ गुणगुणत राहतात. शंभराहून अधिक विमानं आली आणि चार दशकं झाली तरी ती उडताहेत. अपघातही झाले. जून २०१९ मध्ये आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं एएन-३२ डोंगरावर आदळून तेरा जण गेले.

कोकणात मे महिन्यात आगोट भरतात. तांदूळ, सुकी मासळी, सरपण, सगळं पाऊस लागायच्या आत घरात. लडाखमध्ये तीच तयारी उलट्या ऋतूत चालते. हिवाळ्यात झोजिला बंद होते, म्हणून पावसाळा संपता संपता रॉकेल, पीठ, गरम कपडे, औषधं वर चढवली जातात, आणि जे राहून जातं ते विमानानं. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला, झोजिलाचाही बोगदा खणला जातोय. बोगदे पूर्ण झाले की विमानाचं ओझं थोडं हलकं होईल, पण पुढच्या ठाण्यांचं नाही.

३१ मे २००८ ला दौलत बेग ओल्डीला पुन्हा चाकं टेकली. या वेळी एएन-३२ ची, आणि विमानात पश्चिम हवाई कमांडचे तेव्हाचे प्रमुख एअर मार्शल बारबोरा स्वतः होते. पाठोपाठ लडाखमधल्याच फुकचे आणि सप्टेंबर २००९ मध्ये न्योमा या पट्ट्याही जाग्या झाल्या. २० ऑगस्ट २०१३ ला ग्रुप कॅप्टन तेजबीर सिंग यांनी दौलत बेग ओल्डीला चार इंजिनांचं सी-१३०जे सुपर हर्क्युलस उतरवलं. त्याची बातमी झाली, आणि ती चीनला ऐकू जावी अशीच झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच जातीचं विमान कारगिलच्या पट्टीवर रात्री उतरलं. मला व्यक्तिशः विक्रमांपेक्षा हा रात्रीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पहाट ते दुपार ही चौकट मोडली जातेय.

या वाटेला लागायचं कसं, हा प्रश्न इकडच्या पालकांना पडतो, तेव्हा थोडक्यात. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल तर यूपीएससीची एनडीए परीक्षा देता येते. त्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. पदवीनंतर एएफकॅट किंवा सीडीएस या प्रवेश परीक्षा. वैमानिकाची संगणकीय चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते, तिथे नापास म्हणजे तो दरवाजा बंद. पुढे हैदराबादजवळच्या दुंडिगलला पिलाटस विमानावर प्राथमिक प्रशिक्षण, आणि तिथेच वाटणी होते: फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर. गुणवत्ता, शरीराची मापं आणि दलाची गरज, तिन्ही पाहतात. ट्रान्सपोर्टवाले बंगळुरूजवळ येलहंकाला डॉर्नियरवर शिकतात. फायटर न मिळाल्याचं दुःख अनेकांना पहिलं वर्षभर असतं, असं हवाई दलातले लोक हसत सांगतात. मुलींसाठी ट्रान्सपोर्टचा दरवाजा फायटरच्या बराच आधी उघडला. फ्लाइट लेफ्टनंट हरिता कौर देओल यांनी २ सप्टेंबर १९९४ ला ॲव्रो विमान एकटीनं उडवलं होतं.

स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर वैमानिक लगेच लेहला जात नाही. आधी सहवैमानिक म्हणून तास भरायचे. उपकरणांवर उडण्याची परवानगी पांढऱ्या कार्डापासून हिरव्या आणि मग मास्टर ग्रीन कार्डापर्यंत चढत जाते. वर्गवारीही तशीच खालून वर. डोंगरातल्या एकेका पट्टीसाठी वेगळी तयारी आणि वेगळी मंजुरी लागते. मेचुकाची पट्टी जमली म्हणून अरुणाचलातलीच तुटिंगची जमेल असं नाही. शॉर्ट सर्व्हिसवाल्याची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भरती झालेल्याची, चौदा वर्षं संपतात तेव्हा प्रवासी कंपन्या वाट पाहत असतात, आणि पगाराची तुलना केली तर बरेच जण जातात, त्यात नवल नाही.

आता प्रश्न एएन-३२ च्या वारसदाराचा आहे. वडोदऱ्याच्या स्क्वाड्रनमध्ये २०२३ पासून येणारी सी-२९५ विमानं जुन्या ॲव्रोंची जागा घेताहेत, एएन-३२ ची नव्हे. एएन-३२ च्या जागी येणाऱ्या मध्यम विमानात किती टन मावावे, त्यातले किती लेहहून परत उडताना आणि किती दौलत बेग ओल्डीला उतरताना नेता यावेत, यावरच सगळी निवड अडते.