जेवून आलं की पडदा काळा

"काका, सकाळी झ्याक चालतंय बघा. जेवून आलं की मेलेलं."

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून पुतण्याचा फोन होता. त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइन्स एका कॉम्प्युटरवर होतात. दुपारच्या सुट्टीत तो कॉम्प्युटर स्लीपमध्ये जायचा. परत येऊन माऊस हलवला की सीपीयूचा पंखा फिरायचा, कीबोर्डचा दिवा लागायचा, पण मॉनिटर काळाच्या काळा. दुरुस्तीवाल्याने सांगून टाकलं होतं, मदरबोर्ड गेला, ८,००० रुपये. दुसरं निदान कारखान्यातल्या एका वडीलधाऱ्यांचं. हे अमावास्येच्या आसपासच होतं, असं म्हणून त्यांनी मॉनिटरच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधली होती.

मी आयुष्यभर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पडदा काळा पडला की लोक मॉनिटर किंवा मदरबोर्ड बदलतात, नाहीतर 'स्लीप मोडने मशीन खराब होतं' म्हणून तो कायमचा बंद करून टाकतात. अशा वेळी मला फार हळहळ वाटते. कारण बहुतेक वेळा काहीही जळलेलं नसतं. कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यातलं बोलणं अर्धवट तुटलेलं असतं, आणि ते बोलणं इतकं देखणं आहे की ते सगळ्यांना माहीत असायला हवं.

आधी झोपेबद्दल थोडंसं. डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला की प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, पंखे यांची वीज तोडली जाते. वीज राहते ती मुख्यतः मेमरीला. मेमरीतला प्रत्येक बिट, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एक, हा एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकातला, विद्युतभार असतो, आणि तो गळतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. झोपेत हे काम मेमरी चिप स्वतःच करत राहते. त्यामुळे तुमची उघडी फाइल शाबूत असते. ग्राफिक्स चिप मात्र सगळं विसरलेली असते. जागं झाल्यावर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तिचा पहिला प्रश्न असतो, 'समोर कोण आहे?'

कारखान्यात गेल्यावर मी पहिल्यांदा कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. कॉम्प्युटर जागा आहे याची एवढी साधी दुसरी परीक्षा नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. 'टुक' असा आवाज आला, पडदा काळाच राहिला. मग मॉनिटरचंच बटण बंद करून चालू केलं आणि चित्र आलं. पुतण्याचा अर्धा एक्सेल तक्ता जसाच्या तसा समोर. मदरबोर्ड गेला असता तर हे घडलं नसतं.

आता ते बोलणं. कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलला १९ पिना असतात. रंगांची माहिती ज्यांतून धावते त्या बाजूला ठेवू, मला प्रेम आहे ते शेवटच्या पाच पिनांवर. १८ नंबरच्या पिनेतून कॉम्प्युटर मॉनिटरला ५ व्होल्ट देतो. मॉनिटर तेच ५ व्होल्ट एका रोधातून (रेझिस्टरमधून) १९ नंबरवर परत पाठवतो, म्हणजे 'मी आहे'. १५ आणि १६ या दोन तारांवर गप्पा होतात आणि १७ ही त्यांची जमीन, म्हणजे ग्राउंड. मॉनिटरच्या पोटात एक छोटी मेमरी चिप असते. मॉनिटर मुख्य बटणावरून बंद असला तरी ही चिप त्या ५ व्होल्टवर वाचता येते. तिच्यात मॉनिटरची जन्मपत्रिका लिहिलेली असते. जाणकार तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने ही पद्धत १९९४ मध्ये आणली. मूळ पत्रिका फक्त १२८ बाइटची (एक बाइट म्हणजे आठ बिट), एचडीएमआय मॉनिटरला बहुधा आणखी १२८ ची पुरवणी.

सोलापूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. जॅकार्ड या फ्रेंच विणकराने १८०४ मध्ये आपला माग बनवला तेव्हा नक्षी कार्डांवर भोकं पाडून लिहिली. भोक असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलायचा, नसेल तर नाही. चादरीवरचा मोर म्हणजे भोकांची एक लांबलचक यादी. मॉनिटरची पत्रिकाही तशीच 'आहे-नाही'ची यादी, फक्त कार्ड तारेवरून वाचायचं.

कसं वाचतात ते बघा. दोन्ही तारा एकेका रोधातून ५ व्होल्टला बांधलेल्या असतात, म्हणून काही न करता त्या वरच असतात. कुणालाही बोलायचं असेल तर तार खाली ओढायची, एवढीच भाषा. एक तार ठेका धरते, दुसरीवर शब्द जातात. हा आय-टू-सी नावाचा प्रकार फिलिप्सने १९८२ मध्ये काढला. कॉम्प्युटर सात बिटांत पत्ता पुकारतो, मॉनिटरच्या चिपचा पत्ता एक-शून्य-एक-शून्य-शून्य-शून्य-शून्य. आठव्या बिटात सांगतो की वाचायचं आहे की लिहायचं. आणि नवव्या ठोक्याला तो तार सोडून गप्प बसतो.

हा नववा ठोका मला फार आवडतो. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा प्रत्येक वाक्यानंतर 'हं' म्हणावं लागायचं. हुंकार आला नाही की आजी समजायची, पोर झोपलं, आणि थांबायची. इथेही तेच. नवव्या ठोक्याला समोरच्याने तार खाली ओढली तर तो हुंकार. तार वरच राहिली तर समोर कुणी नाही, गोष्ट बंद. पुढे मॉनिटर बोलू लागला की हुंकार द्यायचं काम कॉम्प्युटरचं. आठ बिट, एक हुंकार, आठ बिट, एक हुंकार. सेकंदाला एक लाख ठोके धरले तर १२८ बाइट गुणिले नऊ, म्हणजे ११५२ ठोके. साडेअकरा मिलिसेकंदांत सगळी पत्रिका वाचून होते.

पत्रिकेची सुरुवात ठरलेली, शून्य, मग सहा वेळा २५५, मग पुन्हा शून्य. त्यानंतरच्या दोन बाइटांत कंपनीची तीन अक्षरं कोंबलेली असतात, प्रत्येक अक्षर पाच बिटांत, ए म्हणजे १, बी म्हणजे २. पुढे ५५ व्या बाइटापासून चित्राची मापं. आपण मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा म्हणतो, पण तारेवरची खरी चौकट २२०० गुणिले ११२५ ची असते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनच्या शलाकेला ओळ संपवून परत यायला वेळ लागायचा, त्यासाठी कडेला मोकळी जागा ठेवत. नळ्या गेल्या, जागा राहिली, आणि आता आवाजाची माहिती तिथूनच जाते. २२०० गुणिले ११२५ गुणिले सेकंदाला ६० चित्रं म्हणजे १४ कोटी ८५ लाख. पत्रिकेत हा वेग दहा हजारांच्या पटीत, म्हणजे १४८५० असा दोन बाइटांत लिहितात, धाकटा बाइट आधी, २ आणि मग ५८. ५८ गुणिले २५६ अधिक २ करून बघा. आणि सगळ्यात शेवटचा, १२८ वा बाइट हा पहारेकरी. सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे, असा आकडा तिथे मुद्दाम बसवलेला असतो. एक बिट जरी चुकला तरी बेरीज बिघडते. मग ड्रायव्हर ती पत्रिकाच मानत नाही आणि कधी अगदी ढोबळ चित्र पाठवतो, कधी काहीच पाठवत नाही.

आता बिट चुकेल कसा? तार खाली ओढायला ट्रान्झिस्टर असतो, ते काम पटकन होतं. पण तार वर जायला फक्त तो रोध, दीड-दोन हजार ओहमचा. केबलमधल्या शेजारशेजारच्या तारा मिळून एक छोटा कपॅसिटर होतो आणि तो त्या रोधातून भरल्याशिवाय तार वर येत नाही. विहिरीत पोहरा सोडायला क्षण पुरतो, वर ओढायला दम लागतो, तसं. केबल जितकी लांब तितका पोहरा जड.

पुतण्याच्या कारखान्यात सूताचा भुगा फार उडतो म्हणून सीपीयू काचेच्या केबिनमध्ये आणि मॉनिटर बाहेर डिझाइनच्या टेबलावर होता. मध्ये १० मीटरची केबल, मागांच्या मोटारींच्या वायरींना चिकटून भिंतीने नेलेली. दुसऱ्या दिवशी मी जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे तारेतल्या व्होल्टेजची चढउतार रेघेत दाखवणारं यंत्र, घेऊन गेलो आणि केबलच्या टोकाला लावला. त्याच्या पडद्यावर उभ्या-आडव्या चौकोनी पायऱ्या दिसायला हव्यात. दिसली ती खिल्लार बैलाच्या वशिंडासारखी रेघ, हळूहळू चढणारी आणि मग सरळ कोसळणारी. चढायला अडीच मायक्रोसेकंद लागत होते. नियमाने एकापेक्षा जास्त लागता कामा नये.

हळू चढणाऱ्या तारेचा खरा धोका मधल्या पट्ट्यात असतो. 'खाली' आणि 'वर' यांच्या उंबरठ्याजवळ ती जितका वेळ रेंगाळते, तितका वेळ बाहेरचा बारीकसा धक्का तिला पुढे-मागे करू शकतो. एक ठोका दोनदा मोजला गेला की पुढचे सगळे बिट एक घर सरकतात.

पुतण्याला मी आधीच एक वही ठेवायला सांगितलं होतं. पंधरा दिवसांत पडदा सहा वेळा काळा पडला. मधल्या अमावास्येला तो व्यवस्थित चालला. सहाही नोंदी दुपारी २ ते २.१० च्या मधल्या होत्या. सुट्टी संपल्याची घंटा २ ला होते आणि सगळे माग एकापाठोपाठ सुरू होतात! मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. नेमक्या त्याच वेळी डिझायनर मुलगी टेबलावर येऊन माऊस हलवायची. तिथेच शेजारच्या तारेत कॉम्प्युटर पत्रिका वाचत असायचा.

माग बंद ठेवून दहा वेळा झोपवला आणि उठवला, दहाही वेळा चित्र आलं. माग सुरू करताना दहापैकी तीनदा काळा. सकाळी कधीच का होत नव्हतं, तर एकतर तेव्हा ती मुलगी माग सुरू होण्याआधी येते, आणि दुसरं म्हणजे पूर्ण बंद मशीन चालू करताना पत्रिका आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, वाचतं आणि मग विंडोजचा ड्रायव्हर पुन्हा वाचतो. झोपेतून उठताना सगळी भिस्त ड्रायव्हरवर. बऱ्याच मॉनिटरांत बंद-चालू केलं की १९ नंबरची पिन खाली जाऊन वर येते, ड्रायव्हरला वाटतं नवा पाहुणा आला, आणि तो पुन्हा विचारतो. म्हणून ती युक्ती चालते.

आता सीपीयू टेबलाखाली आहे, पुढे धुळीची जाळी लावली आहे, केबल दीड मीटरची आहे. रोध तोच, पोहरा हलका. पडदा पुन्हा काळा पडलेला नाही.

प्रत्येक काळ्या पडद्याचं कारण हेच असेल असं नाही. काही मॉनिटर स्वतः इतके गाढ झोपतात की १९ नंबरची पिनही सोडून देतात. कॉम्प्युटरला वाटतं केबल निघाली, मॉनिटर वाट बघतो सिग्नलची, आणि 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघे दारात उभे. मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' सापडलं तर ते बंद करावं, आणि इनपुट 'ऑटो'वर न ठेवता एचडीएमआय पक्कं करावं. अंधारात टॉर्च तिरका मारून अंधुक चित्र दिसलं तर मागचा दिवा गेलाय, ते दुरुस्तीवाल्याचं काम. कॅप्स लॉकचा दिवाच हलत नसेल तर कॉम्प्युटर खरंच उठलेला नाही. मग प्लग काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं, पुन्हा चालू करावं, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर व बायोस ताजे आहेत का बघावं.

केबल घ्यायला आम्ही बाजारात गेलो तेव्हा 'सोन्याचा मुलामा, रंग उजळतात' अशी एक महागडी केबल पुढे आली. सोन्याने पिना गंजत नाहीत हे खरं. पण तारेवरून आकडे जातात. आकडा पोचतो किंवा पोचत नाही, त्याचा रंग उजळत नाही. लिंबू-मिरचीबद्दल मी त्या वडीलधाऱ्यांशी नीट बसून बोललो, वही दाखवली. खंडेनवमीला मशीनची पूजा करण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेतच. फक्त हळद-कुंकू पोर्टांमध्ये जाऊ देऊ नये, ती बारीक पूड संपर्क बिघडवते. त्यांनी दोरा स्वतःच सोडला.

निघताना पुतण्याला ती पत्रिका स्वतः वाचायची होती. एका छोट्या फुकट प्रोग्रॅमने सगळे १२८ बाइट पडद्यावर काढले. त्याने पहिली ओळ ओळखली, शून्य, सहा वेळा २५५, शून्य. मग बोट ठेवून मोजत मोजत अठराव्या बाइटाशी आला. तिथे २८ होते. तो बाइट बनावटीच्या वर्षाचा, त्यात १९९० मिळवायचे. "२०१८," तो म्हणाला, आणि मॉनिटर फिरवून मागच्या लेबलवरचा भुगा अंगठ्याने पुसला. लेबलवर २०१८ होतं.