केनियाला निघताय? आधी पिवळं कार्ड

केनिया सहलीचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न येतो व्हिसाचा. ते काम सोपं आहे. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, लागतो. अर्ज ऑनलाइन, आणि तो आम्हीच भरून देतो. पासपोर्ट मात्र प्रवेशाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा.

घोळ होतो तो यलो फीवरच्या लशीत. पिवळं कार्ड म्हणजे ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, घेतल्या दिवशी नाही. म्हणजे २० ऑगस्टचं विमान असेल तर १० ऑगस्ट ही शेवटची तारीख, आणि तेही केंद्रात नंबर लागला तर. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, फॅमिली डॉक्टरांकडे नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती फोडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं आठवड्यातले मोजकेच दिवस लस देतात. मे आणि जुलैत गर्दी वेगळीच. यासाठीच आम्ही निघण्याच्या तारखेआधी ३० दिवस कार्डाचा फोटो मागतो. काहींना ही घाई वाटते. वाटू दे.

‘परत येईपर्यंत दहा दिवस होतातच की’ हा हिशेब नेहमी ऐकायला मिळतो. पण विमान कंपनी मुंबईच्या काउंटरवरच कार्ड मागू शकते. आणि परतताना वैध कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. नियम आपल्याच सरकारचा आहे, आणि कारणही रास्त: हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे.

केंद्रावर मूळ पासपोर्ट न्या. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच ताडून पाहा. खाडाखोड असलेलं कार्ड नाकारलं जाऊ शकतं. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकायचा असेल तर आधी तो हातात येऊ द्या, मग लस. जुनं कार्ड असेल तर पुन्हा टोचून घेऊ नका: जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, आत दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी. वय साठच्या पुढे, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर डॉक्टरांशी बोलून मगच बुकिंगचे पैसे भरा. लस न टोचता कार्ड देणारे एजंट भेटतात. त्यांच्या कार्डावर आम्ही कोणालाही नेत नाही.

बाकी थोडक्यात. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-भाकरवडी डब्यात भरा. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या पहाटे स्वेटर हवाच. आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीत सुती शर्ट घेऊन जाऊ नका.

दरांची तुलना जरूर करा. फक्त एक विचारा: मसाई मारा अभयारण्याचं प्रवेशशुल्क त्यात धरलंय का? २०२४ पासून परदेशी प्रौढांना ते जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, आणि तिकीट बारा तासांचं. आमच्या दरात ते असतं.

लशीची तारीख ठरली की ऑफिसला कळवा. कोणत्या दिवशी कुठे लस मिळेल हे आम्ही फोन करून विचारून देतो.