खोक्यावरचे शंभर वॅट आणि बारा व्होल्टचा हिशेब

तळहातावर मावणारे छोटे अ‍ॅम्प्लिफायर हल्ली ऑनलाइन हजार-दोन हजारांत घरपोच येतात. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१०० वॅट’ छापलेलं असतं आणि आत १२ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॅप्टर असतो. व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर म्हणजे वॅट, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने हा अ‍ॅडॅप्टर जास्तीत जास्त २४ वॅट देईल, त्यातलाही काही भाग उष्णतेत जाईल. अ‍ॅम्प्लिफायर ऊर्जा तयार करत नाही, भिंतीतून आलेली ऊर्जा गाण्याच्या तालावर स्पीकरकडे सोडतो. तेव्हा या अ‍ॅडॅप्टरवर १०० हा आकडा चक्क खोटा आहे.

पण म्हणून डबा टाकाऊ आहे असं मुळीच नाही. यांतल्या बऱ्याच डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ‘टीपीए ३११६’ ही चिप असते आणि ती खरोखर उत्तम आहे. ४.५ ते २६ व्होल्टपर्यंत कुठल्याही पुरवठ्यावर ती चालते आणि २१ व्होल्टवर ४ ओहमच्या दोन स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट देऊ शकते. कंजुषी होते ती चिपभोवतीच्या सुट्या भागांत, आणि तेच घरी बदलता येतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत लागणारं सगळं मिळतं. काय बदलायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही, हे मात्र चिपचं काम समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर पंख्याच्या जुन्या, गरम होणाऱ्या रेग्युलेटरसारखा असतो. नको असलेले व्होल्ट तो स्वतःत जिरवतो आणि तापतो. आपल्या डब्यातला ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ काहीच जिरवत नाही. त्याचे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू तरी असतात, नाहीतर पूर्ण बंद. ही उघडझाप सेकंदाला किमान चार लाख वेळा होते. संगीताचा तरंग वर असेल तेव्हा ‘चालू’चा काळ लांबतो, खाली असेल तेव्हा आखडतो. पुढे एक कॉइल आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) ही वेगवान उघडझाप गाळून टाकतात, आणि स्पीकरला मिळते फक्त सरासरी, म्हणजे गाणं. याला सर्रास ‘डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर’ म्हणतात ते चूक आहे. ‘चालू’चा काळ ठरावीक पायऱ्यांनी बदलत नाही, तो सलग कमीजास्त होतो. कल्पनाही नवी नाही. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ मध्ये असा अ‍ॅम्प्लिफायर किटच्या रूपात विकायला काढला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने उघडझाप करू शकत नव्हते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ट्रान्झिस्टर ‘चालू’ असतो त्या क्षणी स्पीकरचा फिल्टर थेट पुरवठ्याला जोडलेला असतो. मध्ये कोणी नाही. प्रत्येक स्पंदाची उंची म्हणजे अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट, त्यामुळे पुरवठा हलला की संगीत हलतं. चिपमधला फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल मूळ सिग्नलशी ताडून चूक दुरुस्त करणारी सोय, यातलं बरंचसं सावरतो, पण व्होल्टच कमी पडले तर तोही काही करू शकत नाही. स्पीकरला मिळणाऱ्या शक्तीची कमाल मर्यादा काढायला व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या, म्हणजे रोधाच्या, दुपटीने भागा. १२ व्होल्ट आणि ८ ओहम असतील तर येतात ९ वॅट. १९ व्होल्टचा लॅपटॉपचा जुना अ‍ॅडॅप्टर जोडला तर साधारण साडेबावीस, आणि २४ व्होल्टवर ३६. तबल्याची थाप सरासरी आवाजापेक्षा सहज १०-१५ डेसिबलने वर उसळते. १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. घरात आपण सरासरी एखादा वॅटच वापरत असतो, पण थापेला दहा लागतात, आणि ९ वॅटवर तिचा माथा कापला जातो. तोच तो फाटका, कोरडा आवाज. म्हणून पहिली सुधारणा अ‍ॅडॅप्टरची, आणि ती करायला सोल्डरिंगसुद्धा लागत नाही.

सोल्डरिंग लागतं ते पुढे. ट्रान्झिस्टर जेव्हा बंदचा चालू होतो तेव्हा विद्युतप्रवाह साधारण १० नॅनोसेकंदांत शून्यावरून ३ अ‍ॅम्पिअरवर जातो असं धरू. प्रत्येक तारेला इंडक्टन्स असतं, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला ती विरोध करते. बोर्डावरच्या एक सेंटिमीटर तांब्याच्या पट्टीचं इंडक्टन्स असतं सुमारे १० नॅनोहेन्री. गुणाकार करून पाहा: १० नॅनोहेन्री गुणिले ३ अ‍ॅम्पिअर भागिले १० नॅनोसेकंद, म्हणजे ३ व्होल्ट. एवढ्याशा पट्टीवर ३ व्होल्टचा झटका! अ‍ॅडॅप्टरच्या दीड मीटर वायरचं इंडक्टन्स याच्या शंभरेक पट. म्हणजे या क्षणापुरता अ‍ॅडॅप्टर अस्तित्वातच नाही. चिपला तो प्रवाह पुरवतो तिच्या पायांना जवळजवळ चिकटलेला, तांदळाच्या दाण्याहून लहान असा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. बोर्ड भिंगाखाली धरा. हा दाणा पुरवठ्याच्या पायापासून सेंटिमीटरभर लांब असेल, किंवा काही बोर्डांवर असतो तसा नुसता रिकामा ठिपका असेल, तर पायालगत तो बसवणं ही सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. किंमत एक-दोन रुपये. तो चिपच्या मागच्या बाजूला लांब पाय ठेवून लावला तर उपयोग शून्य, कारण ते पायच पुन्हा इंडक्टन्स आणतात.

याच्या शेजारी उभे असलेले गोल, मोठे कपॅसिटर वेगळ्या कामाचे. ‘जितका मोठा कपॅसिटर तितका बेस जास्त’ अशी एक ठाम समजूत आहे. तपासून पाहू. ४० हर्ट्झच्या सुराच्या अर्ध्या लहरीला साडेबारा मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ ३ अ‍ॅम्पिअर एकट्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने पुरवायचे ठरवले तर त्याचे व्होल्ट ३७ ने उतरतील, म्हणजे तो वाटेतच रिकामा होईल. ४७०० चा घातला तरी ८ व्होल्ट गेलेच. खालच्या सुरांची ऊर्जा अखेर अ‍ॅडॅप्टरलाच द्यावी लागते. गोल कपॅसिटरने सांभाळायचा तो अ‍ॅडॅप्टरला जाग येईपर्यंतचा मिलिसेकंदाचा लहानसा अंश, आणि त्याला १००० मायक्रोफॅरड पुरतात. दहा हजारांचा लावला तर उलट त्रास होतो: सुरुवातीला रिकामा कपॅसिटर इतका प्रवाह ओढतो की अ‍ॅडॅप्टरला शॉर्ट सर्किट झाल्यासारखं वाटतं आणि तो टिकटिक करत चालू-बंद होत राहतो. कपॅसिटरवर छापलेले व्होल्ट मात्र जरूर वाचा. २५ व्होल्टचे असतील आणि तुम्ही २४ व्होल्ट देणार असाल, तर ३५ व्होल्टचे बसवूनच पुढे जा.

मग बेस जातो कुठे? बहुतेकदा दारातच अडतो. गाणं चिपमध्ये शिरतं ते एका इनपुट कपॅसिटरमधून, आणि हा कपॅसिटर चिपच्या इनपुट रोधासोबत मिळून खालचे सूर अडवणारा फिल्टर बनतो. टीपीए ३११६ मध्ये हा रोध गेनवर, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्यावर, अवलंबून असतो: २६ डेसिबल गेनला ३० किलोओहम, ३६ डेसिबलला फक्त ९. आता ९ किलोओहमसोबत ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर फिल्टरची सीमा येते ८० हर्ट्झवर. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. तिची शक्ती पाचव्या हिश्श्यावर येते. डग्ग्याचा घुमारही याच भागातला. तिथे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर बसवला की सीमा १८ हर्ट्झच्या खाली जाते, आणि गेन ठरवणारे दोन रेझिस्टर बदलून २६ डेसिबलवर आणलं तर सुमारे ५ हर्ट्झवर. त्यापुढे कपॅसिटर वाढवण्यात अर्थ नाही. फक्त चालू करतानाचा ‘ठप्प’ मोठा होतो.

आता ज्याच्या नादी लागू नये ते. सॉकेटमधला साधा ५५३२ ऑप-अँप (मुख्य चिपच्या आधी सिग्नल हाताळणारी छोटी चिप) काढून पाचपट किमतीचा बसवला की ‘पडदा दूर झाल्यासारखा’ आवाज येतो, असं फार ऐकू येतं. ५५३२ ची विकृती, म्हणजे सिग्नलमध्ये होणारा बिघाड, टक्क्याच्या काही हजारांश भागांत मोजतात. त्याच्यामागच्या चिपची मध्यम आवाजाला ०.१ टक्का आहे, म्हणजे कितीतरी पट जास्त. लहान दोष आणखी लहान केल्याने मोठा दोष कमी होत नाही. शिवाय स्वस्तात मिळणारे नामांकित ऑप-अँप नकली निघण्याचा धोका वेगळाच. केबलची दिशा, ‘शंभर तास वाजवून मुरवणं’ हेही त्याच पंगतीतलं. ज्याला फरक ऐकू येतो त्याने कोणता भाग लावलाय हे माहीत नसताना, दोन्हींचा आवाज, म्हणजे स्पीकरवरचे व्होल्ट, मल्टिमीटरने मोजून सारखा ठेवून, तो ओळखून दाखवावा. श्रद्धेपेक्षा हे सोपं आहे आणि एका संध्याकाळी होतं.

काम करताना एक गोष्ट जिवापाड सांभाळा. या चिपमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. लाल आणि काळं, दोन्हींवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्ट असतात, २४ ला १२. डाव्या-उजव्या स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र जोडू नका, डब्याच्या पत्र्याला टेकवू नका, ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावू नका. आणि पुरवठा वाढवलात तर हीटसिंकही (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पाहा. टीपीए ३११६ ची उष्णता वरच्या बाजूने बाहेर पडते, आणि स्वस्त बोर्डांवर तिथे जाड चिकटपट्टीने हीटसिंक डकवलेला असतो. ती पट्टी खरवडून पातळ थर थर्मल पेस्ट लावा आणि हीटसिंक स्क्रूने नीट दाबून बसवा.