ड्रिलला कळत नाही कुठे थांबायचे

अमेरिकेत आणि कॅनडात उन्हाळा लागला की कुटुंबेच्या कुटुंबे पिकअप गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून जंगलांकडे, तळ्यांकाठी निघतात. तिकडे स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबेही त्यांत असतात. ट्रेलरमध्ये पलंग, शेगडी, बेसिन, छोटे न्हाणीघर असे सगळे असते. मुक्कामी पोहोचून गाडी सोडवली, की पहिल्याच रात्री एक गोष्ट लक्षात येते. कुणी पाणी प्यायला उठले तर दुसऱ्या टोकाला झोपलेल्याची झोप मोडते, कारण अख्खा ट्रेलर डुलतो.

हे डुलणे आवरण्यासाठी ट्रेलरच्या चार कोपऱ्यांखाली चार जॅक बसवलेले असतात. हाताने दांडा फिरवून ते जमिनीला टेकवायचे, अशी मूळ योजना. आता बहुतेक लोक बॅटरीवरच्या ड्रिलला सॉकेट लावतात (बऱ्याच जॅकना पाऊण इंची लागतो) आणि काही सेकंदांत एक जॅक खाली आणतात. पद्धत उत्तम आहे. गुडघे आणि खांदे दुखणाऱ्यांसाठी तर वरदानच. पण हाताच्या जागी मोटर आली की एक महत्त्वाची माहिती आपल्यापर्यंत पोहोचेनाशी होते. ती कोणती, हे समजायला आधी ट्रेलर का हलतो ते पाहू.

ट्रेलरचे सगळे वजन मधल्या चाकांवर आणि पुढच्या जोडदांड्यावर असते. चाकांच्या आसाला पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, त्याखाली हवेचे टायर. स्प्रिंग वजनाने किती दबली आहे यावरून ती सेकंदाला किती वेळा खालीवर होईल ते काढता येते. ५ सेंटीमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला सुमारे २.२ वेळा हलते. आता माणसाची चाल पाहा. आपण सहज चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावले पडतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की झोप का मोडते ते उघड होते. पावलांचा ताल आणि स्प्रिंगांचा ताल जवळजवळ जुळतो, प्रत्येक पाऊल आधीच्या हालचालीत भर घालते. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात. त्यातच चाकांच्या पुढेमागे काही मीटर लांबीची चौकट अधांतरी असते आणि तीही थोडी लवते.

म्हणून आधार कोपऱ्यांत द्यायचा. मधल्या रेषेपासून आधार दुप्पट लांब नेला, तर कलण्याला होणारा विरोध दुप्पट न होता चौपट होतो. मात्र या आधाराने ट्रेलर उचलायचा नसतो. जॅकचा पाय जमिनीला घट्ट टेकला आणि स्प्रिंगांवरचे थोडेसे वजन त्याने स्वतःकडे घेतले, की काम झाले. एका कोपऱ्यावर शे-दीडशे किलोंचा दाब पुष्कळ होतो. एवढा दाब हवा, कारण नुसता टेकलेला पाय दुसऱ्या टोकाला कुणी चालले की सुटतो आणि पुन्हा आपटतो.

बऱ्याच ट्रेलरांखाली कात्री जॅक असतो. पंक्चर झाल्यावर आपण डिकीतून काढतो तोच प्रकार: चार पट्ट्यांचा समभुज चौकोन आणि त्याच्या आडव्या कर्णातून जाणारे लांब मळसूत्र. मळसूत्र फिरवले की दोन बाजूंचे सांधे जवळ येतात आणि चौकोन उंच होतो. या रचनेची मला वाटणारी सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की तिचा गिअर आपोआप बदलत जातो. पट्ट्या जवळजवळ आडव्या, म्हणजे दहा अंशांवर असताना ४ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा एक फेरा पायाला २ सेंटीमीटरहून जास्त हलवतो. पट्ट्या ४५ अंशांवर आल्या की तोच फेरा फक्त ४ मिलिमीटर हलवतो. जोराचा हिशोब याच्या नेमका उलट. दहा अंशांवर वजन पेलायचे तर मळसूत्राला वजनाच्या साडेपाच पटींहून अधिक ताण सोसावा लागतो. ४५ अंशांवर वजनाइतकाच. निसर्ग फुकट काही देत नाही, वेग घेतला तर जोर मोजावा लागतो.

याचा व्यवहारात थेट उपयोग आहे. पायाखाली लाकडी ठोकळा ठेवला तर फेरे कमी लागतात आणि बुटका जॅक बाजूने डुलतही कमी. पण ठोकळा फार उंच घेतला तर पट्ट्या आडव्या असतानाच वजन येते आणि मळसूत्रावर विनाकारण ताण पडतो. पट्ट्या तीस-चाळीस अंशांपर्यंत उघडल्यावर पाय टेकेल, इतकीच ठोकळ्याची उंची ठेवावी.

आता मळसूत्राकडे. जॅक सोडून दिला तरी वजनाने आपोआप खाली का बसत नाही? मळसूत्राचे आटे म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. हा उतार इथे पाचेक अंशांचाच असतो. थोडे वंगण असले तरी पोलादावर पोलाद घसरायला साधारण आठ अंशांचा उतार लागतो, म्हणून नट जागचा हलत नाही. वेगळी कळ नाही, कुलूप नाही. घर्षणच राखण करते. त्याची किंमत अशी, की अशा स्वतःच अडकून राहणाऱ्या मळसूत्रात आपल्या मेहनतीचा निम्म्याहून मोठा भाग घर्षणातच जातो. प्रवासातले धक्के मात्र हे घर्षण क्षणाक्षणाला ढिले करतात. त्यामुळे वर घेतलेले जॅक निघण्यापूर्वी नीट बसले आहेत ना, ते हाताने चाचपून पाहावे.

हाताने हे काम करताना होते काय? जॅक पूर्ण मिटलेला असताना पाय जमिनीपासून बराच वर असतो. तो टेकेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस फेरे सहज लागतात, आणि ते सगळे हवेतले, बिनवजनाचे असतात. कंटाळा या फेऱ्यांचाच आहे. पाय टेकला की दांडा एकदम जड होतो. दांड्यावर पाच-सात किलोंचा जोर लागू लागतो आणि हात म्हणतो, पुरे. एवढ्या जोरातच कोपऱ्यावर हवा तितका दाब आलेला असतो.

ड्रिल हे फेरे सात-आठ सेकंदांत संपवते. पण टेकण्याचा तो क्षण तिला ठाऊक नसतो. साध्या १८ व्होल्टच्या ड्रिलचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ५०-६० न्यूटन-मीटर असतो. (अमेरिकेत खोक्यावर २० व्होल्ट छापतात, बॅटरी तीच, पूर्ण चार्ज झाल्यावरचा कमाल आकडा लिहिलेला असतो एवढेच.) आपले काम होते पाच-दहा न्यूटन-मीटरमध्ये. उरलेला जोर जातो ट्रेलर उचलण्यात. कागदावरचा हिशोब केला तर पूर्ण ताकदीने दाबलेली ड्रिल एका कोपऱ्याखाली टनाहून अधिक वजन रेटू शकते, आणि वीस-बावीस फुटी ट्रेलर साऱ्या सामानासह असतो दोन-तीन टनांचा. मोटरच्या आवाजात फरकही जाणवत नाही आणि चौकट मात्र पिळली जाते. त्याची पहिली खूण दारात दिसते: जॅक लावण्यापूर्वी अलगद बंद होणारे दार नंतर घासू लागले, तर एखादा कोपरा नक्कीच जास्त वर गेला आहे.

यावरचा उपाय ड्रिलवरच असतो आणि बहुतेक जण त्याला हातही लावत नाहीत. तोंडाशी आकडे लिहिलेली जी कडी असते तो क्लच. आतल्या दातेरी चाकांपैकी बाहेरचे कडे स्प्रिंगने दाबलेल्या गोळ्यांनी धरून ठेवलेले असते. ठरावीक टॉर्कच्या पुढे गेले की गोळ्या घसरतात, कटकट आवाज होतो आणि पुढचा दांडा थांबतो. स्प्रिंग किती दाबायची ते कडीवरच्या आकड्याने ठरते. गिअर १ वर ठेवावा, कडी लहान आकड्यावर लावावी, आणि पाय टेकल्यावर क्लच सुटेल असा आकडा हळूहळू वाढवत शोधावा. हाताची जाणीव अशी यंत्राला परत देता येते. कडी ड्रिलच्या चित्रावर असेल तर क्लच बंद असतो, हे विसरू नये. याहून सोपी रीतही चांगली: ड्रिलने फक्त हवेतले फेरे संपवायचे आणि शेवटचा अर्धा-एक फेरा हाताने द्यायचा. मी सुचवेन ती हीच.

मनगटाचाही विचार हवा. ड्रिल नटाला जितके पिळते तितकेच नट ड्रिलला उलटे पिळतो. जॅक वर घेताना तो शेवटी अडतो, त्या क्षणी ५० न्यूटन-मीटर मुठीवर येतात. मूठ वीस सेंटीमीटर अंतरावर असेल तर हा २५ किलोंचा झटका झाला. बोटे मुरगळतात ती इथेच. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये बाजारात पहिली बॅटरीवरची ड्रिल आणली, आणि पुढे अपोलो १५ ते १७ या मोहिमांत चंद्राची जमीन भोकण्यासाठी नेलेल्या ड्रिलच्या घडणीतही या कंपनीचा वाटा होता. चंद्रावर माणसाचे वजन सहावा हिस्सा उरते, म्हणजे पाय रोवून या उलट्या पिळाला विरोध करण्याची ताकदही तितकीच घटते. आपण पृथ्वीवर आहोत ते बरे. तरी शेवटचे दोन-चार फेरे घोडा हलका दाबून, सावकाश द्यावेत.

इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत पिळणारे, ड्रिलसारखेच यंत्र) हातात असेल तर मोह होतो, कारण तो मनगटाला झटका देत नाही. तो जोर ठोक्याठोक्याने देतो आणि प्रत्येक ठोक्याचा उच्चांक मळसूत्राच्या आट्यांवर व पिनांवर बसतो. बऱ्याच इम्पॅक्ट ड्रायव्हरांना आकड्यांचा क्लचही नसतो. शिवाय खडखडाट एवढा, की रात्री १० नंतर पोहोचलात तर शेजारी नक्की बाहेर येतील. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते.

क्रम चुकवू नये. आधी चाकाखाली फळ्या घालून डावे-उजवे सारखे करायचे, मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग गाडी सोडवून जोडदांड्याच्या जॅकने पुढे-मागे सपाट, आणि सगळ्यात शेवटी हे चार कोपरे. वाळूत किंवा ओल्या मातीत पायाखाली रुंद फळी घालावी. दाब मोठ्या जागेवर पसरला की पाय रुतत नाही. तरी पहिल्या रात्रीनंतर जमीन थोडी बसते. सकाळी प्रत्येक जॅकला हाताने पाव-अर्धा फेरा द्यावा लागतो, आणि त्यासाठी ड्रिल काढायची गरज नाही.

मळसूत्राला चिकट ग्रीस फासण्यापेक्षा सुके वंगण बरे. रस्त्याची धूळ ग्रीसमध्ये अडकते आणि आटे खाते. थंडीत लिथियम बॅटरी कमी जोर देते, म्हणून गोठलेल्या पहाटे निघायचे असेल तर ती रात्री ट्रेलरच्या आत उबेत ठेवावी. आणि मूळचा हातदांडा ट्रेलरमधून कधीही काढून ठेवू नये. बॅटरी संपली तर चारही जॅक त्यानेच वर घ्यायचे आहेत.