‘अल्गोरिदम’ या संज्ञेची पार्श्वभूमी

गोव्यात मुक्तीपूर्व काळात ज्यांनी प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव या पोर्तुगीज प्राथमिक इयत्ता करून पुढे पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, शिक्षण घेतले, त्यांना ‘अल्गोरिदम’ हा शब्द संगणक पाहण्याच्या कितीतरी आधी एका वेगळ्या रूपात ठाऊक होता. पोर्तुगीज भाषेत अंकाला ‘आल्गारिझ्मु’ म्हणतात. तीन अंकी संख्या म्हणजे तीन आल्गारिझ्मुंची संख्या, आणि दस्तऐवजात रक्कम आल्गारिझ्मुंत व ‘पुर इश्तेंसु’, म्हणजे अंकी व अक्षरी, लिहायची. मोबाइलवर आपल्यापुढे कोणता व्हिडिओ यावा हे ठरवणाऱ्या यंत्रणेला मात्र त्याच भाषेत ‘आल्गोरित्मु’ म्हणतात. ही दोन्ही रूपे एकाच माणसाच्या नावावरून आलेली आहेत.

तो माणूस म्हणजे मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी. नावातील ख्वारिझ्म हा आजच्या उझबेकिस्तानच्या बाजूचा प्रांत. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, खलिफा अल-मामूनच्या काळात, तो बगदादमध्ये काम करीत होता. त्याच्या ज्या ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ हे शब्द होते, त्यावरून युरोपात बीजगणिताला नाव मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो त्याचा दुसरा ग्रंथ, भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा हे सांगणारा. शून्याशी करायच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवले होते आणि त्या परंपरेतील सिद्धांतग्रंथ आठव्या शतकातच बगदादला पोहोचून अरबीत उतरला होता. तेव्हा ही विद्या आपण शोधली असा अल-ख्वारिझ्मीचा दावा नव्हता. ती भारतीय लोकांची आहे हे तो स्पष्ट सांगतो, आणि या प्रामाणिकपणाची नोंद घेतलीच पाहिजे.

हा हिशेब मुळात कागदावरचा नव्हता. सपाट फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अंक काढायचे, आणि बेरीज-गुणाकार पुढे सरकेल तसे जुने अंक पुसून त्या जागी नवे लिहायचे. संस्कृत गणितग्रंथांतील ‘पाटीगणित’ आणि ‘धूलिकर्म’ या संज्ञा, तसेच आपल्याकडे मुले ज्यावर धुळाक्षरे गिरवीत ती धूळपाटी, ही सगळी याच साधनाची आठवण आहे. धुळीवरच्या रीतीत मधल्या पायऱ्या पुसल्या जात असल्यामुळे चूक कुठे झाली हे मागे जाऊन पाहता येत नसे. दमास्कसमध्ये इ.स. ९५२-५३ च्या सुमारास अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने कागद-शाईवर करता येतील अशा रीती मांडल्या, तेव्हा पहिल्यांदा हिशेबाची प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर टिकून राहू लागली. या घटनेकडे एरवी फारसे लक्ष दिले जात नाही, पण पुढे या संज्ञेला जो काटेकोर अर्थ आला त्याची पूर्वतयारी मला येथे दिसते.

अल-ख्वारिझ्मीच्या अंकगणिताची अरबी संहिता आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकातील लॅटिन रूपांतर उरले आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील हस्तलिखित ‘दिक्सित आल्गोरिझ्मी’, म्हणजे ‘अल्गोरिझ्मी म्हणाला’, या शब्दांनी सुरू होते. कालांतराने हे माणसाचे नाव आहे याचाच विसर पडला आणि भारतीय-अरबी अंकांनी हिशेब करण्याच्या विद्येलाच ‘अल्गोरिझ्मुस’ म्हणू लागले. पोर्तुगीजमधला अंकवाचक अर्थ याच टप्प्यावरचा आहे. नव्या अंकांना विरोधही झाला. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये खातेवहीत हे अंक वापरण्यास मनाई केली. शून्याला शेपटी जोडून सहा किंवा नऊ करणे सोपे असल्याने अंकांत फेरफार होण्याची भीती होती, आणि दस्तऐवजात रक्कम अक्षरीही लिहिण्यामागे आजही तीच काळजी आहे.

संख्येला ग्रीकमध्ये ‘अरिथ्मोस’ म्हणतात. त्या शब्दाच्या प्रभावाने ‘अल्गोरिझ्म’चे ‘अल्गोरिथ्म’ झाले. अंकांपुरता असलेला अर्थही रुंदावला. जर्मन गणितज्ञ लायब्निझने १६८४ मध्ये आपल्या नव्या कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) नियमांसाठी हाच शब्द वापरला, म्हणजे आता कोणत्याही गणनेची नियमबद्ध रीत त्यात बसू लागली. प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडची मसावि काढण्याची रीत या संज्ञेहून हजारभर वर्षांनी जुनी असूनही आज तिचा नमुना म्हणून शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. १०५ ला ४२ ने भागले की बाकी २१ उरते, ४२ ला २१ ने भागले की बाकी शून्य, म्हणून मसावि २१. प्रत्येक पायरीला बाकी लहान होत जाते, त्यामुळे ही रीत कुठेतरी थांबणारच.

‘रीत’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकात ऐरणीवर आला. कोणतेही तार्किक विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही हे ठरवणारी सार्वत्रिक रीत आहे का, असे जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने १९२८ मध्ये विचारले. नाही, हे दाखवण्यासाठी आधी रीतीचीच व्याख्या करणे भाग होते, आणि १९३६ मध्ये अलोन्झो चर्च व अॅलन ट्युरिंग या गणितज्ञांनी ती स्वतंत्रपणे केली. संगणकशास्त्राने हाच अर्थ उचलला. १९५८ मध्ये आखलेल्या ‘अल्गोल’ या आज्ञावली-भाषेच्या नावातच ही संज्ञा आली, आणि १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथने तिची लक्षणे सांगितली: रीत मर्यादित पायऱ्यांत संपली पाहिजे, प्रत्येक पायरी निःसंदिग्ध हवी, तिला शून्य किंवा अधिक आदाने (इनपुट) आणि किमान एक प्रदान (आउटपुट) हवे, आणि कागद-पेन्सिल घेऊन माणसालाही ती पार पाडता आली पाहिजे.

सध्याच्या बोलण्यातला ‘अल्गोरिदम’ यापासून बराच दूर गेला आहे. ‘अल्गोरिदमने माझी पोस्ट दाबली’ असे पणजीतला दुकानदारही म्हणतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते ती एखाद्या कंपनीची संपूर्ण निवड-यंत्रणा: तिचे धोरण, तिने जमवलेली माहिती आणि त्या माहितीवरून शिकवलेले प्रारूप (मॉडेल). काटेकोर अर्थाने अल्गोरिदम असते ती प्रारूपाला शिकवण्याची रीत. शिकून तयार झालेले लक्षावधी आकडे कोणी नियम म्हणून लिहिलेले नसतात. या सगळ्याला एकच नाव दिल्यामुळे धोरण ठरवणारी माणसे नजरेआड होतात, म्हणून मराठी लेखनात तरी रीत, प्रारूप आणि कंपनीचा निर्णय यांचा उल्लेख वेगवेगळा व्हावा असे मला आग्रहाने वाटते.